चोपड्याची ३१५ रायफल आणि तिच्यावरचे डाग: कामाच्या नोंदी

१६ जून, जळगाव

चोपडा तालुक्यातली रायफल आजपासून हातात घेतली. परवाना आजोबांच्या नावावर होता, ते गेले. नातवाचा अर्ज चालू आहे. परवाना हातात पडेपर्यंत शस्त्र कायदा १९५९ च्या कलम २१ प्रमाणे ती आमच्या बंदुकांच्या दुकानात जमा आहे. रजिस्टरला नोंद आहे, आणि साफसफाई करून ठेवा असं नातवाने लेखी दिलंय. तोंडी एवढंच म्हणाला, "दादा, आजोबांच्या हातात होती तशी काळीभोर करून द्या."

बंगालमधल्या इशापूरच्या कारखान्यातली ३१५ स्पोर्टिंग, म्हणजे नळीचं माप ०.३१५ इंच. ली-एनफिल्ड या जुन्या ब्रिटिश लष्करी रायफलीच्या धाटणीचा बोल्ट, पाच काडतुसांचं मॅगझिन. सातपुड्याच्या पायथ्याच्या केळीवाल्यांकडून अशा रायफली आमच्याकडे येत असतात. या रायफलीची घडण चांगली आहे.

मॅगझिन काढलं, बोल्ट मागे घेतला, चेंबर, म्हणजे काडतूस बसतं ती जागा, डोळ्यांनी पाहिलं आणि बोट घालूनही चाचपलं. मग बोल्टचं डोकं वर उचलून बोल्ट बाहेर काढला. नळीतून उजेड आरपार दिसतो, आत काही अडकलेलं नाही. दुकानात कितीही वर्षं जमा असलेलं शस्त्र असो, याच्याआधी एक चिंधीसुद्धा आत घालायची नाही.

आज फक्त पाहिलं. नळीच्या उजव्या अंगाला तळहाताएवढा तपकिरी-तांबूस पट्टा. कॅनव्हासच्या कव्हरची शिवण तिथेच टेकत असणार. तोंडाजवळ करंगळीच्या नखाएवढा पांढुरका डाग, तिथे ब्ल्यूइंग, म्हणजे पोलादावर चढवलेला काळा थर, पार गेलंय. रिसीव्हर (बोल्ट ज्यात बसतो तो भाग) उन्हात धरला तर जांभळा मारतो. दस्त्याची मान तेलाने काळी, आणि खालच्या पट्ट्याच्या कडीच्या स्क्रूभोवती शाईसारखं काळं कडं. आत चेंबरच्या पुढे चकचकीत काळं, मध्ये तपकिरी, तोंडाकडे तांबूस रेघा.

एकाच रायफलीवर इतक्या रंगांचे डाग आहेत आणि प्रत्येकाचं मूळ वेगळं आहे. लोक सगळ्यांना मिळून "गंज" म्हणतात आणि एकच औषध सगळीकडे लावतात. तोंडाजवळचा पांढरा डाग त्यातूनच आलाय. नातवाला विचारलं तर कळलं, घरात कुणीतरी लिंबू चोळलं होतं. चिंचेने तांब्याची घागर लखलखते म्हणून इथेही तसंच होईल असं वाटलं असणार. पण ब्ल्यूइंग हादेखील लोखंडाचा ऑक्साइडच आहे, काळा मॅग्नेटाइट. आम्लाला लाल गंज आणि काळं ब्ल्यूइंग यांतला फरक कळत नाही. ते दोन्ही खातं.

१७ जून

फोनला जोडायचा बारीक कॅमेरा नळीत सोडला. चेंबरच्या पुढची चार-पाच बोटं जागा कोळशाच्या कडक थराने झाकलीय, काचेसारखा चमकतो. पुढे गोळीला फिरकी देणाऱ्या खाचांच्या तळाशी तपकिरी ठिपके. खाचांमधल्या उंच धारा मात्र अजून तीक्ष्ण आहेत, म्हणजे मेहनत वाया जाणार नाही.

आबांना फोटो दाखवले. आबा मूळचे अमळनेरचे, नोकरी सगळी वरणगावच्या आयुध निर्माणीत. ही निर्माणी १९६४ सालची, तिथे काडतुसं बनतात, ७.६२ आणि ५.५६ मिलिमीटरची. गोळीवरच्या धातूच्या कवचाबद्दल काही विचारायचं तर आमच्या गल्लीत आबांशिवाय दुसरा माणूस नाही. त्यांनी फोटो मोठा करून बराच वेळ पाहिला. त्यांचं म्हणणं असं, की कवच बहुधा ९० टक्के तांबं आणि १० टक्के जस्त अशा धातूचं असतं. प्रत्येक गोळी त्याचा थोडा अंश नळीत सोडून जाते. त्यावर पुढच्या बाराचा कोळसा बसतो, त्यावर पुन्हा तांबं. वर्षानुवर्षं असे थर चढत जातात. वरच्या थराला जे औषध चालतं ते खालच्याला लागत नाही, म्हणून माणूस घासत बसतो आणि डाग हलत नाही.

१९ जून

मला जास्त धास्ती तपकिरी ठिपक्यांची आहे. जुन्या धाटणीच्या प्राइमरमध्ये, म्हणजे काडतुसाच्या बुडातल्या बार पेटवणाऱ्या टोपीमध्ये, पोटॅशियम क्लोरेट असायचं. बार उडाला की त्याचं पोटॅशियम क्लोराइड होतं. हे मीठच, खायच्या मिठाच्या जातीचं. कोरड्या हवेत गप्प बसतं, दमट हवेत पाणी ओढतं, आणि त्या ओलाव्यात पोलादाला खड्डे पडतात. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा ४५ च्या आसपास आणि हवा खडखडीत कोरडी, म्हणून उन्हाळ्यात रायफल पाहिली तर ठणठणीत दिसते. पाऊस सुरू झाला की तीच आतून तांबूस होते आणि मालक म्हणतो, "तेल तर लावलं होतं." मीठ तेलात विरघळत नाही. तेलाखाली ते जसंच्या तसं राहतं. त्याला पाणीच लागतं.

पुतणी रसायनशास्त्रात एमएस्सी करतेय. तिला विचारलं की नळीत मीठ आहे की नाही हे ओळखायचं कसं. तिने लगेच सिल्व्हर नायट्रेटचं नाव घेतलं. धुतलेल्या पाण्यात दोन थेंब टाकायचे, क्लोराइड असेल तर पाणी दुधाळ होतं. "पण काका, बोअरवेलचं पाणी घेऊ नका. त्यात क्लोराइड असतंच. सगळंच दुधाळ दिसेल." खरंय. आमच्या भागातल्या पाण्याने बादलीच्या कडेलाही पांढरा थर धरतो. त्यामुळे बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड पाणी आणलं आणि आधी त्या कोऱ्या पाण्यातच थेंब टाकून पाहिले. स्वच्छ राहिलं.

नळी चेंबरकडून थोड्या कोमट बॅटरीच्या पाण्याने धुतली, ते पाणी काचेच्या ग्लासात घेतलं. थेंब टाकल्यावर हलकीशी धूसर झाक आली. मीठ आहे, पण मला वाटलं होतं त्यापेक्षा कमी. लगेच गरम पाणी जास्त घालून धुतली, चिंधीने कोरडी केली, तेल फिरवलं.

(सिल्व्हर नायट्रेट बोटांना लागलं तर कातडी काळी पडते आणि बरेच दिवस तशीच राहते. हातमोजे घालावेत.)

२१ जून

आज कोळसा. कार्बनवर चालणारं सॉल्व्हंट भिजवून चिंधी त्या काळ्या पट्ट्यात ठेवली आणि रात्रभर तशीच राहू दिली. पूर्वी आम्ही रॉकेल वापरायचो, आता ते सहज मिळत नाही. भिजत ठेवणं हेच इथलं अर्धं काम. कोरड्या कोळशावर ब्रश कितीही मारा, तो पृष्ठभाग चमकवतो आणि पुढे सरकतो.

साफसफाईचा गज कायम चेंबरच्या बाजूने. ली-एनफिल्डच्या जातीत बोल्ट निघाला की मागून सरळ वाट मिळते, तर तोंडाकडून गज घालायचं कारणच नाही. तोंडाची कड गजाने घासली गेली तर नेम बिघडतो, आणि ती झीज पुन्हा भरून येत नाही. ब्रश आत उलटा फिरवायचा नाही, पूर्ण बाहेर काढूनच मागे घ्यायचा.

२३ जून

भिजवणं, ब्रश, कोरडी चिंधी, पुन्हा भिजवणं. चिंध्या आधी डांबरासारख्या, मग राखाडी. कॅमेऱ्यात काळ्या पट्ट्याच्या मधोमध नारिंगी रंग उघडा पडलाय. आबा दुकानात येऊन बसले होते. म्हणाले, "कोळसा निंघना ना भो, आते खाले तांबं दिखी." त्यांनी सांगितलं तसाच थर निघाला.

तो उघडा भाग पुन्हा बॅटरीच्या पाण्याने धुतला आणि सिल्व्हर नायट्रेटचे थेंब टाकले. या वेळी पाणी ताकासारखं पांढरं झालं. म्हणजे मीठ कोळशाच्या खाली दडलं होतं. पहिल्या दिवशी वरवर धुतलं तेव्हा पाण्याला ते सापडलंच नाही. एवढी वर्षं या रायफलीला ज्यांनी मनापासून तेल लावलं, त्यांच्या तेलाने मिठाला आणि कोळशाला वरून झाकणच घातलं. हे डोळ्यांनी पाहिल्यावर वाटतं, नळीतला जुना डाग दिसला की पुसायची घाई करण्याआधी त्याच्याखाली काय आहे हे विचारलं पाहिजे.

गरम पाणी, साबणाचा एक हात, पुन्हा गरम पाणी. नळी हाताला चटका बसेल इतकी तापली की पाणी आपोआप उडून जातं, पुसायला कमी उरतं.

२५ जून

तांबं काढायला घेतलं. अमोनिया असलेलं सॉल्व्हंट, दुकानाची दोन्ही दारं उघडी, पंखा बाहेरच्या बाजूला. अमोनियाचा वास नाकात गेला की माणूस मागे सरतो, ते बरंच आहे. अमोनिया आणि ब्लीच एकाच टेबलावर कधीच नको, त्यांतून विषारी वायू निघतो.

अमोनियात तांबं विरघळलं की चिंधी निळी होते. हा रंगच पुरावा. पण पितळी टोकाचा गज आणि कांस्याचा ब्रश असेल तर निळा रंग त्यांचाही येतो, आणि नळी स्वच्छ झाली तरी माणूस निळं बघून घासत राहतो. म्हणून या कामाला नायलॉनचा ब्रश आणि प्लास्टिकचं टोक. सॉल्व्हंट दहा-पंधरा मिनिटांच्या वर आत ठेवलं नाही, वाळू तर अजिबात दिलं नाही.

पहिली चिंधी गडद निळी, मोरपिसासारखी.

२८ जून

निळा फिका होत गेला आणि त्याच्याखालून पुन्हा काळा थर आला. मग पुन्हा कार्बनचं सॉल्व्हंट, पुन्हा अमोनिया. थरावर थर. तोंडाकडच्या रेघा लवकर गेल्या, त्या एकाच थराच्या होत्या. घशाजवळचं, म्हणजे चेंबरच्या लगेच पुढचं, काम रेंगाळतंय.

दुकानातल्या पोराला वाटलं, पॉलिश पेस्ट लावून एका दुपारी संपवू. बारीक पेस्टचा हात मीही कधी कधी देतो, हट्टी कोळशावर, दोन बोटं जागेत. पण तपकिरी ठिपक्यांवर नाही. ते खड्डे आहेत. खड्ड्याचा तळ चमकवायला त्याच्या भोवतीचं पोलाद झिजवावं लागेल, आणि मग नळीच बदलते.

३ जुलै

तांब्यानंतर मीठ तपासायला घेतलं तर पाणी स्वच्छ! पुतणीला फोन केला. तिने विचारलं, "अमोनिया नीट धुतला होता का? सिल्व्हर क्लोराइड अमोनियात विरघळतं. अमोनिया शिल्लक असेल तर मीठ असूनही दूध दिसणार नाही." तिने नमुन्यात पातळ नायट्रिक ॲसिडचा थेंब आधी टाकायला सांगितलं. ते ग्लासात, नळीत नाही, हे पोराला बजावलं. टाकल्यावर पुन्हा धूसर झालं. थोडंच, पण होतं.

आता पद्धत पक्की केली: तांब्याचं सॉल्व्हंट झालं की स्पिरिट, मग गरम पाणी, मग चाचणी. धुण्याचं पाणी कोऱ्या पाण्याइतकं स्वच्छ दिसेपर्यंत थांबायचं नाही.

९ जुलै

नळीच्या आतली चाचणी स्वच्छ आली. तरी एक रात्र मुद्दाम तेल न लावता ठेवली. बाहेर संततधार, हवा इतकी ओली की वहीची पानं मऊ पडलीत. मीठ कुठे उरलं असेल तर अशा रात्री ते स्वतःच जागा दाखवतं.

१० जुलै

सकाळी कॅमेऱ्यात पाहिलं. ठिपके होते तिथेच, तसेच, राखाडी-काळे. पण दोन जागी ताजी तांबूस धूळ. खोल खड्डे असावेत, पाणी नुसतं वरून वाहून जातंय, आतपर्यंत पोचत नाही. त्यांना उकळी हवी.

बाहेरच्या गंजाच्या पट्ट्यालाही उकळीच द्यायची होती. तेव्हा दोन्ही कामं एकदम.

१४ जुलै

कूलर बनवणाऱ्याकडून स्टेनलेसच्या पत्र्याची लांब पन्हाळ करून आणली. उन्हाळ्यात त्यांना बोलायला फुरसत नसते, आत्ता पावसात लगेच करून दिली. जस्ताचा पत्रा मुद्दाम टाळला.

नळी आणि रिसीव्हर लाकडातून सोडवले. डिटर्जंटने धुऊन ॲसिटोनने पुसले, तेलाचा अंश राहता कामा नये. बॅटरीचं पाणी उकळून नळी त्यात बुडवली, अर्धा तास खळाखळा. उकळत्या पाण्यात लाल गंजाचा काळा मॅग्नेटाइट होतो, म्हणजे ब्ल्यूइंग ज्या पदार्थाचं असतं तोच. जुन्या कारागिरांचं रस्ट ब्ल्यूइंग याच गुणावर उभं आहे: मुद्दाम गंज चढवायचा, उकळायचा, वरची भुकटी काढायची, पुन्हा तेच.

बाहेर काढली तेव्हा तपकिरी पट्टा मखमलीसारखा काळा झाला होता. अगदी बारीक, चार शून्याच्या स्टीलवुलने हलक्या हाताने भुकटी काढली. खाली जुनं ब्ल्यूइंग बरंचसं शाबूत आहे. हाच पट्टा कुणी पॉलिश पेपरने घासला असता तर गंजाबरोबर तेही गेलं असतं आणि तळहाताएवढं पांढरं पोलाद उघडं पडलं असतं. ज्याला आपण घाण समजून काढून टाकतो तो इथे रंगाचाच कच्चा माल आहे. मला या कामातला हा भाग सगळ्यात आवडतो.

पन्हाळीतल्या पाण्याची चाचणी केली. दूध आलं. खड्ड्यांतलं मीठ उकळीने बाहेर आणलं.

१८ जुलै

ताजं पाणी घेऊन पुन्हा उकळी. लिंबाच्या पांढऱ्या डागावर दमट हवेनेच आता गंजाची पातळ साय धरलीय, तीही उकळीत काळी झाली. तो डाग आजूबाजूपेक्षा अजून थोडा राखाडी आहे, पण चार हातांवरून कळत नाही. सेलेनियमवालं तयार कोल्ड ब्ल्यू लावलं असतं तर पाच मिनिटांत काळं झालं असतं. ते टिकत नाही आणि रंगही वेगळा मारतो.

पाण्याची चाचणी: स्वच्छ. नायट्रिकचा थेंब टाकूनही स्वच्छ.

२३ जुलै

नातू आला होता. नळी पाहून खूश. रिसीव्हरवर बोट ठेवून म्हणाला, "हे जांभळं राहिलं की दादा."

त्याला उन्हात नेऊन दाखवलं. हा डाग नाही. काही पोलादांवर, मिश्रधातूमुळे किंवा पृष्ठभाग कडक केलेला असल्यामुळे, ब्ल्यूइंग काळं बसत नाही, किंवा काळं बसून वर्षांनी जांभळट होतं. ब्ल्यूइंगच्या क्षारांचं तापमान चुकलं तरी असं होतं. त्यावर कोणतंही सॉल्व्हंट चालत नाही, कारण विरघळायला तिथे काही नाही. घासून काढता येईल, पण मग रिसीव्हरवरचे शिक्के आणि क्रमांकाच्या कडा बोथट होतील. क्रमांक बोथट होणं हे परवान्याच्या दृष्टीनेही वाईट. मी त्याला हात लावणार नाही असं सांगितलं. तो थोडा हिरमुसला, मग म्हणाला, त्याला आठवतंय तेव्हापासून ते जांभळंच होतं. मग तर प्रश्नच मिटला.

२८ जुलै

लाकूड. मानेजवळचा काळेपणा वर्षानुवर्षांच्या तेलाचा. रायफल तोंड वर करून उभी ठेवली की यंत्रातलं तेल हळूहळू लाकडात उतरतं, आणि लाकूड तिथे मऊ पडतं. खडूची भुकटी ॲसिटोनमध्ये कालवून लेप दिला. वाळला की तेल ओढून पिवळा होतो, झटकायचा, पुन्हा द्यायचा.

कडीच्या स्क्रूभोवतीचं कडं तेलाचं नाही. लाकडातलं टॅनिन आणि स्क्रूचं लोखंड ओलाव्यात भेटलं की शाईसारखा काळा पदार्थ होतो. जुनी शाई अशीच बनायची. त्याला खडूचा लेप काही करत नाही, ऑक्झॅलिक ॲसिड लागतं. स्क्रू आणि कडी आधी काढली, कारण ते ॲसिड ब्ल्यूइंगही उतरवतं. विषारी आहे, हातमोजे घातले, पोराला लांब ठेवलं. ब्रशने नेमकं कड्यावर. कडं फिकं होऊन तपकिरी झालं तसं स्वच्छ पाण्याने वारंवार पुसलं.

५ ऑगस्ट

घरी कानबाईचा सण होता, त्यामुळे मधे काम बंद. लाकूड तेवढ्यात सावलीत छान वाळलं. आज जवसाच्या तेलाचा पहिला पातळ हात. तळव्याने चोळून गरम करायचं आणि उरलेलं पुसून टाकायचं. जाड थर दिला तर चिकट राहतो आणि धूळ धरतो. तेलाच्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकायच्या नाहीत, जवसाच्या तेलाच्या चिंध्या आपोआप पेट घेतात. पसरून वाळवल्या.

१२ ऑगस्ट

जोडणी. बोल्टचा क्रमांक रिसीव्हरशी ताडून पाहिला. तेलाचा पातळ हात बाहेर, आत अगदी पुसट.

नळीत आता काय उरलंय ते रजिस्टरात फोटोसह लिहिलं: चेंबरच्या पुढे स्वच्छ, मधल्या भागात खाचांच्या तळाशी राखाडी-काळे खड्डे, धारा तीक्ष्ण, तोंडाची कड गोल आणि बिनझीज. हे खड्डे जाणार नाहीत आणि घालवायचेही नाहीत. उद्या कुणी ही रायफल पाहून "आत डाग आहेत" म्हटलं, तर ते आजच्या फोटोशी जुळवून बघावं. जुळले तर हात लावू नये. तांबूस दिसले तर पाणी.

आबांनी नळी उजेडाकडे धरून पाहिली आणि "बेस शे" म्हणाले, म्हणजे छान आहे.

२९ ऑगस्ट

तपासणी. पावसाचे इतके दिवस रॅकमध्ये राहूनही कॅमेऱ्यात नवा तांबूस ठिपका नाही. चिंधी कोरडी, पांढरी. जुनं कॅनव्हासचं कव्हर नातवाला परत दिलं आणि सांगितलं, रायफल गावाला नेताना घाला, पण त्यात ठेवू नका. ते ओल धरतं. घरी कुलुपाच्या कपाटात उघडी ठेवा, तोंड खाली करून, म्हणजे तेल लाकडात उतरणार नाही. बार झाले तर त्याच दिवशी गरम पाणी, मग तेल. परवान्याचं काम अजून व्हायचंय. पुढची तपासणी दिवाळीनंतर, हवा कोरडी झाल्यावर.